झाकली मूठ

रोज पहाटे सहाला
मी फाटकापाशी शिडी लावायचो.
केमी नदीच्या काठची आमची लाकूडगिरणी,
उणे सव्वीस, नाकातले केस ताठ,
आणि फळ्यावर हिरव्या अक्षरांत:
अपघाताविना दिवस.
कालचा आकडा काढायचा, आजचा अडकवायचा.
त्या थंडीत पत्र्याला उघडा अंगठा लागला
तर कातडी तिथंच राहते.
माझी दोनदा राहिली.
ती कुणी मोजली नाही. मीही नाही.

कपाटात एक लाल शून्य होतं,
वेगळं, मोठं, खास त्या दिवसासाठी करून घेतलेलं.
त्यावरचं प्लास्टिक अजून सोललेलं नव्हतं.

पाचशे दिवस भरले की
नाताळाला घरटी एक हॅम, हाडासकट,
असं मालकांनी कबूल केलेलं.
आकडा चारशे सत्त्याऐंशी होता
तेव्हा उर्पो कोस्केलो पाळी संपवून निघाला
उजवा हात खिशात घालून.
उर्पो कधी खिशात हात घालत नाही.
मी फाटक उघडलं. काही विचारलं नाही.
त्याच्या मागे बर्फावर
दर चार पावलांना एक थेंब.
मी बुटानं बर्फ ओढलं त्यावर.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
आमच्याकडे तिचा भाव
साडेसात किलो डुकराची तंगडी.
मऊ शिजली होती.
मी दोनदा वाढून घेतली.

आधीचा सुरक्षा अधिकारी यायचा तेव्हा
चूक कुणाची, हा त्याचा पहिला प्रश्न
आणि शेवटचाही.
तो गेला की भिंतीवर एक नवा नियम चिकटायचा.
चौदा होते, एकोणीस झाले.
एकोणिसावा खिडकीच्या कोपऱ्यावर आला,
त्याच कोपऱ्यातून फोर्कलिफ्ट येताना दिसायची.

फेब्रुवारीत आऊलिक्की आली.
रात्रपाळीला आली, आणि बसूनच राहिली.
थर्मासमधली कॉफी संपली तेव्हा म्हणाली,
आज सगळं नीट पार पडलं.
कसं काय?

असं कधी कुणी विचारलं नव्हतं.
आम्ही एकमेकांकडे बघितलं, मग भट्टीकडे.
शेवटी सिस्को उठली
आणि भट्टीमागून काठी काढली.
बर्चची, टोक जाळून कडक केलेलं,
मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
ओंडका अडकला की हिनं ढोसायचा,
पातं फिरतं ठेवूनच.

नियम सात: आधी यंत्र बंद करा.
बंद करून पुन्हा चालू करायला बावीस मिनिटं,
आणि ओंडका अडकतो पाळीला नऊ वेळा.
हा गुणाकार तिनं कागदावर केला.
आम्ही तो रोज अंगावर करत होतो.

आता वही निघणार, नावं लिहून घेणार.
तिनं काठी हातात तोलली.
म्हणाली, ही एवढी आखूड का?

कुणी बोलेना.
मग उर्पोनं खिशातून मूठ काढली
आणि दिव्याखाली उघडली. साडेतीन बोटं.
म्हणाला,
लांब काठी भट्टीमागे लपत नाही.

त्यानंतर सगळं बदललं असं नाही.
ओंडक्यांची घसरण थोडी रुंद केली,
आता तीनदाच अडकतात.
एकोणिसावा नियम खिडकीवरून खरवडला.
मालक अजून विचारतात, मग आता मोजायचं काय?
आऊलिक्की म्हणते, मलाही नीट ठाऊक नाही.
आधीच्यानं असं एकदा तरी म्हणायला हवं होतं.

फळा उतरवायलाही मलाच चढावं लागलं.
ती खाली शिडी धरून उभी.
या शिडीची तिसरी पायरी हलते,
पहिल्या दिवसापासून हलते.
मी वरूनच तिला सांगितलं.